निषेध आणि निर्मिति : वाङ्मयकलांकडे पाहण्याची परंपरानिष्ठ ख्रिस्ती दृष्टि

सतराव्या शतकाच्या आरंभींची गोष्ट आहे. गोव्याच्या दक्षिण भागांत साष्टी म्हणून जो प्रांत आहे, तेथें एक इंग्रज जेज्विट धर्मगुरु मुलांना ख्रिस्ती धर्माचीं मूलतत्त्वें शिकवीत असे. त्याचें नांव फादर थॉमस स्टीफन्स. नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्या एका ब्राह्मणानें आपणांस एक प्रश्न केला, असें त्यानें आपल्या ग्रंथाच्या प्रारंभीं सांगितलें आहे. प्रश्नाचा आशय असा : तुम्ही शिकवितां तें उत्तमच आहे, परंतु आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, आणि त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण मात्र दिलें नाहीं. मग आमच्या लोकांनीं वाचावें काय, आणि वेळ घालवावा तरी कशांत?

प्रश्न साधा दिसतो. पण परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनाला वाङ्मय आणि कला यांविषयीं जी अडचण दीड-पावणेदोन हजार वर्षें पडत आली आहे, ती सगळी या एका प्रश्नांत सांठविलेली आहे. जें श्रद्धेला घातक वाटतें तें दूर सारावें, हें एक कर्तव्य. परंतु मनुष्याचें मन रिकामें राहत नाहीं, त्याला कथा पाहिजे, गाणें पाहिजे, चित्र पाहिजे. तेव्हां त्याला कांहीं तरी द्यावें, हें दुसरें कर्तव्य. या दोहोंपैकीं पहिलें सोपें असतें, दुसरें फार कठीण. ख्रिस्ती परंपरेनें हीं दोन्ही कर्तव्यें कशीं पाळलीं आणि कोठें ती चुकली, हें आपण पाहूं.

प्रथम ही दृष्टि कोणत्या पायावर उभी आहे तें समजून घेतलें पाहिजे. तिचे आधार तीन. पहिला असा कीं, ही सृष्टि ईश्वरानें निर्माण केली व ती चांगली आहे. म्हणून रंग, नाद, शब्द यांत मुळांतच कांहीं पाप आहे असें परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनुष्याला म्हणतां येत नाहीं. दुसरा असा कीं, मनुष्य पतित आहे. म्हणून त्याच्या हातचें कोणतेंही काम, मग तें कितीही सुंदर असो, निखालस निर्दोष असूं शकत नाहीं, आणि सौंदर्य हें चांगुलपणाचें प्रमाणपत्र नव्हे. तिसरा आधार असा कीं, जो ईश्वर अदृश्य व निराकार, तोच येशूच्या रूपानें देहधारी झाला. पहिल्या तत्त्वावर भर दिला म्हणजे कलेचें स्वागत होतें, दुसऱ्यावर भर दिला म्हणजे तिच्याविषयीं संशय उत्पन्न होतो, आणि तिसऱ्याचा अर्थ लावतांना तर शतकानुशतकें वाद झाले आहेत.

प्रारंभींच्या ख्रिस्ती लेखकांत संशयाचा स्वर मोठा होता. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेज येथें टर्टुलियन नांवाचा एक तिखट लेखणीचा ग्रंथकार होऊन गेला. ग्रीक तत्त्वज्ञानाची नगरी अथेन्स आणि श्रद्धेची नगरी जेरुसलेम यांचा एकमेकींशीं संबंधच काय, असा रोखठोक प्रश्न त्यानें टाकला. रोमन साम्राज्यांतील सार्वजनिक खेळतमाशांविरुद्ध त्यानें एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें आणि ख्रिस्ती मनुष्यानें तेथें पाऊल ठेवूं नये असा निर्णय दिला. आज हें मत आपणांस कर्मठ वाटतें. परंतु त्या तमाशांत माणसांना माणसांशीं आणि हिंस्र पशूंशीं झुंजवून मारीत, आणि हजारों प्रेक्षक तें मनोरंजन म्हणून पाहत, हें लक्षांत घेतलें म्हणजे टर्टुलियनच्या रागामागील कारण समजतें. ‘करमणूकच ती, तिनें काय बिघडतें?’ हा युक्तिवाद त्याला मान्य नव्हता. आपण ज्या गोष्टीकडे आनंदानें पाहतों, ती गोष्ट आपणांस घडवीत असते, हें त्यानें ओळखलें होतें. आणि एवढ्यापुरता तरी तो बरोबर होता.

संशयाचें दुसरें उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. बायबलाचें लॅटिन भाषांतर करणारा महापंडित जेरोम यानें चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहिलेल्या एका पत्रांत आपलें एक स्वप्न सांगितलें आहे. घरदार सोडून निघालेल्या जेरोमला आपला ग्रंथसंग्रह मात्र सोडवेना. तो उपवास करी आणि उपवासानंतर सिसरो वाचीत बसे. संदेष्ट्यांची भाषा त्याला त्यापुढें ओबडधोबड वाटे. पुढें तो आजारी पडला, आणि स्वप्नांत त्याला न्यायासनासमोर उभें करण्यांत आलें. तूं कोण, असें विचारल्यावर ‘मी ख्रिस्ती’ असें त्यानें उत्तर दिलें. तेव्हां न्यायाधीशानें तें खोटें ठरविलें आणि तूं सिसरोचा अनुयायी आहेस असें सांगून त्याला फटके मारविले. जेरोमनें लौकिक ग्रंथ न वाचण्याची शपथ घेतली. गंमत अशी कीं, त्याच्या नंतरच्या लेखनांतही जुन्या लॅटिन कवींचे संस्कार जागोजाग दिसतात, आणि त्याच्या विरोधकांनीं तें त्याला ऐकवूनही दाखविलें. जी विद्या रक्तांत भिनली ती शपथेनें जात नाहीं.

याच काळांत दुसरा, अधिक समंजस विचारही पुढें आला. कैसरियाचा धर्माध्यक्ष बेसिल यानें तरुणांना उद्देशून ग्रीक वाङ्मय कसें वाचावें यावर एक व्याख्यान लिहिलें. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाहीं, आणि ज्या फुलावर बसते तें सगळें उचलूनही नेत नाहीं. कामाचें तेवढें घेते व बाकीचें सोडते. वाचकानें असें असावें, हा त्याचा उपदेश. ऑगस्टीननें (३५४–४३०) दुसरा दाखला दिला. इस्राएल लोक इजिप्तमधून निघाले तेव्हां त्यांनीं तेथील सोन्यारुप्याचीं पात्रें बरोबर घेतलीं. त्याचप्रमाणें परकीयांच्या विद्येंत जें सत्य आहे तें ख्रिस्ती मनुष्यानें निःशंकपणें घ्यावें. कारण सत्य कोठेंही सांपडलें तरी त्याचा मूळ धनी ईश्वरच होय.

ऑगस्टीन हा मूळचा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक. व्हर्जिलच्या काव्यांतील डायडो राणीच्या मरणासाठीं आपण लहानपणीं रडलों, परंतु स्वतःच्या आत्म्याच्या मरणाबद्दल मात्र डोळ्यांतून टिपूस काढलें नाहीं, असा पश्चात्ताप त्यानें आपल्या आत्मकथनांत व्यक्त केला आहे. त्याच्या मतें दोष प्रेमांत नसून प्रेमाच्या क्रमांत असतो. काव्य प्रेम करण्याजोगें आहे. परंतु जें दुसऱ्या स्थानीं ठेवावयाचें तें पहिल्या स्थानीं बसविलें कीं चांगल्या वस्तूचीही मूर्ति होते आणि मनुष्य तिचा दास बनतो. परंपरानिष्ठ ख्रिस्ती कलाविचाराचें सार एका वाक्यांत सांगावयाचें झाल्यास तें हेंच : कला चांगली आहे, पण ती पहिली नाहीं.

मूर्ति हा शब्द आला म्हणून चित्रकलेचा प्रश्न येथेंच पाहूं. मोशेच्या दहा आज्ञांत कोरीव मूर्ति करून तिची पूजा करण्यास मनाई आहे. मग चर्चच्या भिंतीवर ख्रिस्ताचें चित्र काढावें कीं नाहीं? आठव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यांत या प्रश्नावरून प्रचंड खळबळ माजली. सम्राटांच्या हुकुमानें चित्रें पुसून टाकण्यांत आलीं आणि चित्रांचा कैवार घेणाऱ्या संन्याशांचा छळ झाला. चित्रांच्या बाजूनें सर्वांत समर्थ युक्तिवाद केला तो दमास्कसच्या जॉननें. त्याचें म्हणणें असें कीं, निराकार ईश्वराचें चित्र काढतां येत नाहीं हें खरेंच. परंतु तो देह धारण करून माणसांत वावरला आणि डोळ्यांनीं दिसला. जो दिसला त्याचें चित्र काढावयास नको म्हणणें म्हणजे तो देहधारी झालाच नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. ७८७ सालीं निकाया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें हा पक्ष मान्य केला, आणि चित्राला मान देणें वेगळें व ईश्वराची आराधना करणें वेगळें, असा विवेक सांगितला. तंटा कायमचा मिटला तो ८४३ सालीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कलेला संरक्षण मिळालें तें धर्मश्रद्धा सैल झाल्यामुळें नव्हे, तर श्रद्धेचें मूळ तत्त्व अधिक खोलवर विचारांत घेतल्यामुळें.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेच्या वेळीं हाच वाद पश्चिमेकडे पुन्हां पेटला. झुरिच शहरांत १५२४ सालीं चर्चमधील चित्रें व मूर्ति काढून टाकण्यांत आल्या आणि उपासनेंतील ऑर्गनही थांबविण्यांत आला. ज्याच्या नेतृत्वाखालीं हें घडलें तो झ्विंग्ली स्वतः अनेक वाद्यें वाजविणारा उत्तम संगीतज्ञ होता. तेव्हां हें कलाशून्य माणसाचें काम होतें असें म्हणतां येणार नाहीं. उपासनेंत शब्दाखेरीज दुसऱ्या कशानेंही मन वेधलें जाऊं नये, ही त्याची कळकळ होती. उलट विटेनबर्ग येथें मूर्तिभंजनाचा दंगा उसळला तेव्हां ल्यूथर १५२२ सालीं अज्ञातवासांतून परतला आणि त्यानें तो थांबविला. संगीत ही ईश्वराची देणगी आहे असें त्याचें मत असून, लोकांना त्यांच्या भाषेंत गातां यावीं म्हणून त्यानें स्वतः भक्तिगीतें रचलीं. त्या गीतपरंपरेंतूनच पुढें योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) निपजला. आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटीं ‘केवळ ईश्वराच्या गौरवार्थ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें तो लिहीत असे. धर्म एकच, शतक एकच. परंतु एका गांवीं वाद्य मुकें झालें आणि दुसऱ्या परंपरेंतून बाख जन्मला.

इंग्लंडांतील प्यूरिटन पंथाविषयीं तर आपल्या मनांत एक ठरीव चित्र असतें : काळे कपडे, आंबट चेहरा आणि नाटकांचा द्वेष. त्यांतील एक भाग खरा आहे. १६४२ सालीं पार्लमेंटनें नाटकगृहें बंद केलीं आणि तीं १६६० पर्यंत बंदच राहिलीं. परंतु त्याच पक्षाच्या मिल्टननें १६४४ सालीं ग्रंथ छापण्यापूर्वीं सरकारी परवाना घेण्याच्या सक्तीविरुद्ध आपलें प्रसिद्ध पत्रक लिहिलें. त्याचा युक्तिवाद पूर्णपणें ख्रिस्ती आहे. ज्या सद्गुणाची कधीं परीक्षाच झाली नाहीं, तो सद्गुण कसला? बरें आणि वाईट या जगांत एकमेकांत गुंतून वाढतात. वाईट काय तें ओळखून जो चांगलें निवडतो, तोच खरा धार्मिक. पुढें आंधळा झालेल्या याच मिल्टननें १६६७ सालीं आपलें महाकाव्य प्रसिद्ध केलें.

जॉन बनियन हा भांडींकुंडीं दुरुस्त करणारा गरीब उपदेशक. विनापरवाना उपदेश केल्याबद्दल तो बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत होता. त्याचें ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हें पुस्तक १६७८ सालीं निघालें. तें छापावें कीं छापूं नये याविषयीं त्याच्या धर्मबंधूंतच दोन तट पडले होते, असें त्यानें पद्यमय प्रस्तावनेंत सांगितलें आहे. कारण काय? कल्पित कथा म्हणजे एक प्रकारचें असत्यच नव्हे काय, अशी त्या सरळ मनाच्या लोकांना शंका. बनियननें उत्तर दिलें तें शास्त्रांतूनच : येशूनें स्वतः दृष्टांतकथा सांगून शिकवण दिली; तेव्हां सत्य सांगण्यासाठीं रूपक वापरण्यांत दोष कोणता? या पुस्तकाचें ‘यात्रिकक्रमण’ नांवाचें भाषांतर हरि केशवजी यांनीं मराठींत केलें. पुढें १८५७ सालीं बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहिलें. हिंदु विधवांची दैना सांगणारी ही कथा मराठींतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाते. उपदेशासाठीं कथा रचण्याचा जो मार्ग बनियनला आपल्या मंडळींपुढें समर्थनानें मोकळा करावा लागला, त्याच मार्गानें मराठी कादंबरीचें पहिलें पाऊल पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विसाव्या शतकांत हा विचार मांडणाऱ्यांत दोन नांवें प्रमुख आहेत. कवि टी. एस. एलियट यानें १९२७ सालीं इंग्लंडच्या चर्चमध्यें बाप्तिस्मा घेतला, आणि १९३५ सालीं धर्म व वाङ्मय यांवर एक निबंध लिहिला. एखादी कृति वाङ्मय आहे कीं नाहीं, हें वाङ्मयाच्याच कसोटीनें ठरवावें; पण तिचें मोठेपण केवळ त्या कसोटीनें ठरत नाहीं, त्यासाठीं नीतीची व श्रद्धेची निश्चित भूमिका लागते, असें तो म्हणतो. आपण जें निव्वळ विरंगुळ्यासाठीं वाचतों त्याचाच आपल्यावर नकळत सर्वांत अधिक परिणाम होतो, कारण त्या वेळीं आपण बेसावध असतों, ही त्याची सूचना प्रत्येक कुटुंबानें विचारांत घेण्यासारखी आहे. मात्र प्रचारकी वाङ्मय त्यालाही नको होतें. श्रद्धा लेखकाच्या रक्तांत असावी, ती त्यानें फलकासारखी मिरवूं नये, अशी त्याची अपेक्षा होती. दुसरा लेखक सी. एस. लुइस. श्रद्धावान मनुष्य वाङ्मयाला जीवनसर्वस्व मानीत नाहीं, म्हणूनच त्याला त्याचा आनंद मोकळ्या मनानें घेतां येतो, असा त्याच्या विचाराचा रोख आहे. लेखकानें स्वतःचें अपूर्वत्व दाखविण्यापेक्षां आपणांहून मोठ्या अशा सौंदर्याचें प्रतिबिंब दाखवावें, असें तो सांगतो. आपल्याकडील संतकवींनींही कर्तृत्वाचें श्रेय स्वतःकडे घेतलें नाहीं. त्यामुळें मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटूं नये.

आतां साष्टीच्या त्या प्रश्नाकडे परत येऊं. स्टीफन्सनें त्याचें उत्तर निषेधानें दिलें नाहीं. त्यानें ग्रंथ लिहिला. १५७९ सालीं गोव्यांत उतरलेल्या या इंग्रजानें येथील भाषा आत्मसात केली, मराठी पुराणग्रंथांची धाटणी अभ्यासली, आणि सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचलें. पहिल्या भागांत जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत येशूचें चरित्र. मराठी भाषेची त्यानें त्यांत केलेली स्तुति आजही आपण अभिमानानें सांगतों. १६१६ सालीं रायतूर येथें तें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघालें. ज्यांचीं पुराणें गेलीं होतीं त्यांना त्यांच्याच छंदांत, त्यांच्याच वळणाचें पुराण मिळालें.

परंतु ही हकीकत येथेंच संपविली तर ती अर्धी होईल. ज्या सत्तेच्या छायेखालीं हें काव्य निर्माण झालें, त्याच सत्तेनें देशी भाषांतील अनेक धर्मग्रंथ नष्ट केले होते. आणि १६८४ सालीं तर गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान पोर्तुगीज व्हाइसरॉयनें काढलें. क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तें वांचलें तें हस्तलिखितांमुळें. कानडा प्रांतांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें जपलें, आणि त्या प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तें पुन्हां छापलें. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत त्याची एक देवनागरी प्रतही आढळली आहे. परक्यांचीं पुराणें मिटविण्यास निघालेला निषेध शेवटीं आपल्याच पुराणावर कसा उलटतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. निषेधाला एकदां हातांत शस्त्र दिलें म्हणजे तो आपलें-परकें पाहत नाहीं.

चित्रकलेंतही हेंच घडलें. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनांत अवनीन्द्रनाथ ठाकूर यांच्या सहवासांत शिकून परत आले व त्यांनीं साडी नेसलेली, भारतीय चेहऱ्याची मरियामाता रंगविली. गोव्यांतील कित्येक धर्मनिष्ठांना तें रुचलें नाहीं. विरोध इतका झाला कीं ते पुण्यास येऊन एका ख्रिस्ती आश्रमांत राहिले आणि तेथेंच त्यांनीं आपलें बहुतेक काम केलें. विरोध करणारे परंपरेचें रक्षण करीत आहोंत असें समजत होते. वस्तुतः ते युरोपीय चित्रकारांनीं मरियेला दिलेल्या पोशाखाचें रक्षण करीत होते. परंपरा आणि संवय यांत फरक असतो, आणि तो न ओळखणें हा परंपरानिष्ठांचा नेहमींचा दोष होय.

तो फरक ज्यांनीं ओळखला त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचें नांव मराठी घरांत सर्वांस ठाऊक आहे. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीं तुकारामाला सोडलें नाहीं. उलट तुकाराम हाच आपणांस ख्रिस्ताकडे नेणारा पूल झाला, असें ते मानीत. त्यांनीं भजनें रचलीं, कीर्तनें केलीं, आणि ‘ख्रिस्तायन’ हें काव्य आरंभिलें. तें अपुरें राहिलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें. ख्रिस्तावरील टिळकांची निष्ठा यत्किंचितही सैल नव्हती. निष्ठा पक्की होती म्हणूनच त्यांना अभंगाचें भय वाटलें नाहीं.

कोणी म्हणेल, कलेनें श्रद्धेची चाकरी करावी असें म्हणणें हाच मुळीं तिचा अपमान आहे. कला स्वतंत्र आहे. या आक्षेपांत तथ्य आहे. श्रद्धा चांगली म्हणून कविता चांगली ठरत नाहीं, आणि धार्मिक विषयावरील रद्दी चित्रें जगांत थोडीं नाहींत. परंतु परंपरानिष्ठ ख्रिस्ती मनुष्य जो प्रश्न कलेला विचारतो, तो त्यामुळें रद्द होत नाहीं. हें पुस्तक मला कशावर प्रेम करावयास शिकवितें? हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या आईबापांना आपल्या मुलांच्या हातांतील पुस्तकाकडे पाहतांना टाळतां येत नाहीं.

या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष एवढाच. नको म्हणण्याचा अधिकार श्रद्धेला आहे, आणि प्रसंगीं तें कर्तव्यही आहे. परंतु नुसतें नको म्हणून जो थांबला त्याच्या हातीं रिकामें कपाट उरलें, आणि ज्यानें नको म्हणण्याबरोबर कांहीं दिलें, त्याचेंच देणें टिकलें. मुलाच्या हातांतील पुस्तक काढून घेणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला साष्टीच्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न आजही लागू आहे : हें नको, बरें, मग त्याच्या जागीं आपण देणार काय?